'फॅरनहाइट 451' लेकरांना पूर्ण वाचू द्या

मराठवाड्यातल्या अकरावी-बारावीच्या प्रत्येक लेकराने एक तरी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, आणि ती अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट 451' असावी, असं मला मनापासून वाटतं. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. ही कादंबरी अभ्यासक्रमात नाही, तिच्यावर एकही मार्क नाही. तरी दिवाळीच्या आधी मी ती वर्गात काढतेच. इंग्रजीतून वाचायची, मराठीतून बोलायचं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी 1953 ची. त्यातल्या काळात घरांना आगच लागत नाही, म्हणून अग्निशामक दलाला वेगळं काम दिलंय: कुणाच्या घरात पुस्तकं सापडली की जाऊन जाळायची. गाय माँटॅग हा तिशीचा माणूस ते काम आवडीने करतो. मग शेजारी राहायला आलेली क्लॅरिस त्याला विचारते, तू सुखी आहेस का? एवढ्या एका प्रश्नाने त्याचं सगळं हलतं. क्लॅरिस सतरा वर्षांची आहे, म्हणजे माझ्या वर्गातल्या मुलींएवढी. हे सांगितलं की मागच्या बाकावरच्यासुद्धा माना वर होतात.

ही कादंबरी शिकवायची सोपी रीत म्हणजे 10 मे 1933 ला हिटलरच्या राजवटीत बर्लिनमध्ये झालेल्या पुस्तकांच्या होळीपासून सुरुवात करायची आणि हुकूमशाही वाईट, पुस्तकं चांगली, असं सांगून मोकळं व्हायचं. लेकरं माना डोलावतात आणि विसरतात, कारण तो हुकूमशहा त्यांना दूरचा वाटतो. मी सुरुवात करते ती माँटॅगचा साहेब, कॅप्टन बीटी, याच्या भाषणापासून. तो सांगतो की सुरुवात सरकारने केलीच नाही. लोकांनाच सगळं झटपट पाहिजे होतं. मोठमोठे ग्रंथ आधी पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवले, मग दोन मिनिटांत वाचून होईल एवढ्या रकान्यात, शेवटी कोशातल्या दहा-बारा ओळींत. शिवाय याला हे खुपतं, त्याला ते खुपतं, म्हणून एकेक गोष्ट गळत गेली. कुणी वाचेनासंच झालं तेव्हा जाळणारे आले.

हे भाषण चालू असताना एक मुलगा मधेच म्हणाला, "मॅडम, हे तर आपल्या गाइडसारखंच झालं की." त्याला कुणी पढवलं नव्हतं. वर्गात कुणी हसलंही नाही. त्या दिवशी पुढचं पान वाचलं नाही, तास त्या एका वाक्यावरच गेला.

आपल्याकडे लातूर पॅटर्नने, म्हणजे परीक्षेची घोटून तयारी करून घेण्याच्या शिस्तीने, काय दिलं हे मला माहीत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची, ऊसतोड कामगाराची पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली, ती या शिस्तीच्या जोरावर. त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण त्या शिस्तीत जे पेपरात येत नाही ते वाचायचंच नाही, ही सवयही आली. बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात कादंबरीचा वेगळा विभाग आहे. त्यात आहेत कादंबऱ्यांचे उतारे, आणि लेकरं तेही वाचत नाहीत. पात्र, कथानक, स्थळ अशी तयार उत्तरं पाठ करतात. मूळ कादंबरी हातात न धरता कादंबरी या प्रकारात पैकीच्या पैकी मार्क मिळतात. बीटीला एवढंच पाहिजे होतं. म्हणून मी या कादंबरीचा सारांश देत नाही, नोट्स देत नाही, त्यावर परीक्षा घेत नाही.

तंत्रज्ञानाचा भाग तर लेकरंच मला समजावतात. माँटॅगची बायको मिल्ड्रेड कानात शिंपल्याएवढा रेडिओ घालून झोपते. हे लिहिलंय 1953 साली! तिच्या बैठकीच्या तीन भिंती म्हणजे टीव्हीच आहेत आणि तिला चौथी भिंत पाहिजे. किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. इथे वर्गात हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे हिशोब सुरू होतात. कुणाच्या बापाने सोयाबीन विकून घेतला, कुणाच्या भावाने. पण मोबाइल वाईट, असं प्रवचन मी या पुस्तकाच्या नावाखाली देत नाही, कारण पुस्तकही तसं म्हणत नाही. त्यातले म्हातारे प्राध्यापक फेबर स्पष्ट सांगतात की तुला पुस्तकं नकोत, पुस्तकांत पूर्वी जे असायचं ते पाहिजे, आणि ते रेडिओ-टीव्हीवरही असू शकलं असतं. त्यासाठी विचार करायला निवांतपणा लागतो आणि पटलेलं करायची मुभा लागते, हे त्यांचं म्हणणं. माझ्या अनेक मुलांनी ही कादंबरी फोनवरच वाचली आहे.

2023 च्या दिवाळीआधी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात बीड आणि जालन्यात इंटरनेट बंद झालं होतं. लेकरांना ते चांगलं आठवतं. क्लासचे व्हिडिओ बंद, पैसे पाठवणं बंद, अफवा मात्र चालूच. एका मुलीने विचारलं, नेट बंद करून माणसाला अंधारात ठेवता येतं, तसं नेट चोवीस तास चालू ठेवूनही ठेवता येतं का? मी उत्तर दिलं नाही. मिल्ड्रेडच्या भिंतींचं पान पुन्हा काढायला सांगितलं.

आणि सेन्सॉरशिप ही अमेरिकेतली गोष्ट आहे असं आपण तरी समजू नये. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला म्हणून दर 17 सप्टेंबरला आपण झेंडा फडकवतो, पण त्याच राजवटीत 1938 साली संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, इंटरमिजिएट कॉलेजातल्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला आणि त्यापायी शिक्षण पणाला लावलं, हे वर्गात किती जणांना माहीत असतं? आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजामाने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघायचं. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादला निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. माँटॅग वाचून झाल्यावर हे सांगितलं की लेकरं घरी जाऊन पणजोबांबद्दल विचारतात.

आता काही सहकाऱ्यांशी माझा मतभेद आहे तो मुद्दा. ते म्हणतात, शिकवा, पण मिल्ड्रेड झोपेच्या गोळ्या खाते तो भाग वगळा, आपल्या हॉस्टेलवरच्या लेकरांना तो झेपणार नाही. त्यांची काळजी खरी आहे. पण तो प्रसंग नीट वाचा. तिला वाचवायला डॉक्टर येत नाहीत, मशीन घेऊन दोन माणसं येतात, पोट आणि रक्त साफ करून जातात, आणि सांगतात की अशा केसेस रात्रीत नऊ-दहा असतात. सकाळी तिला काही आठवत नाही आणि घरात कुणी त्यावर बोलत नाही. ज्या गावांत रँकच्या ओझ्याखाली पोरं गप्प होतात, तिथे वगळायचं ते हेच पान का? मी आदल्या दिवशी सांगून ठेवते की उद्याचा भाग जड आहे, ज्याला बसायचं नाही त्याने बसू नये. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये थांबते. येणारे येतात.

वगळण्याचा इतिहास या पुस्तकाला स्वतःलाही आहे. 1967 पासून प्रकाशकाने शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि तिच्यात शिव्या, गर्भपाताचा उल्लेख असं बरंच काही, जवळपास 75 ठिकाणी, गुपचूप बदललं. लेखकाला पत्ता नव्हता. त्यांना पत्रं लिहून कळवलं ते विद्यार्थ्यांनी. 1979 मध्ये ब्रॅडबरींनी मूळ मजकूर परत आणवला. पुस्तक वाचवलं पोरांनीच, आणि आपण ठरवतोय की पोरांना काय झेपेल.

शेवटच्या भागात गावाबाहेर राहणारी माणसं भेटतात. प्रत्येकाने एकेक ग्रंथ पाठ करून ठेवलाय. हे आपल्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. गंगाखेडच्या जनाबाईचं नाव घेऊन जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून घराघरांत आहेत. अक्षर येत नाही, पण एका दळणाला पुरून उरेल एवढं तोंडपाठ. कादंबरी संपली की मी एकच काम देते: जगातून नाहीसं होऊ नये असं वाटणारं काहीतरी निवडा, पाठ करा आणि वर्गात म्हणून दाखवा. अभंग आले, कविता आल्या, संविधानाची उद्देशिका तर पुन्हा पुन्हा आली. एका मुलाने आजीच्या बारशाच्या ओव्या म्हटल्या. त्या कुठेच छापलेल्या नव्हत्या.

पुस्तक लहान आहे, तीनच भाग. परभणी, हिंगोली, धाराशिव, कुठेही कुणी शिक्षक आपल्या वर्गात हे करून बघणार असतील तर मला मेसेज करा. कुठल्या पानावर लेकरं अडतात आणि कुठे वाद घालतात ते मी सांगेन. नोट्स मात्र मागू नका.