परदेशात भाकर मिळेना? हे उपाय करा

मास्टर्सला जर्मनीत पोचलात? मग संस्कृतीची काळजी सोडा, ती फोनमध्ये आहे.

आधी 'आईच्या हातची भाकर' असं स्टेटस ठेवा, सोबत रडका चेहरा. फोटो कुणाच्याही भाकरीचा चालतो.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येची शेतातली पूजा आली, की घरी व्हिडिओ कॉल लावा. शेतात रेंजची एकच काडी येते, तरी आईनं एका हातात आंबिलाचं बिंदगं (छोटी घागर) अन् दुसऱ्या हातात फोन धरून कडब्याच्या कोपीसमोर उभं राहावं. तुम्हाला आत मांडलेल्या पाच पांडवांचं दर्शन झालं पाहिजे. तिच्या पानातली भज्जी गार झाली तर होऊ द्या.

बॅगेत गावरान तूप अन् पेढे कोंबा. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, हे कस्टमवाला डबा काढून घेताना सांगेलच.

खर्डा खिडकी लावून परता. अलार्म वाजून अख्खं हॉस्टेल खाली जमलं, की ओळखी होतात.

आता भाकर. दुकानातलं ज्वारीचं पीठ उचला, कधी दळलंय ते बघू नका. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, पण तुम्हाला कुठं फरक पडतो? ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, उकळत्या पाण्यानंच तिला चिकटपणा येतो. म्हणून तुम्ही आठवणीनं नळाचं गार पाणी घाला. दोनदा मळल्यासारखं करा. ॲल्युमिनियमचा तवा इंडक्शनवर ठेवा. तो तापणारच नाही, म्हणजे भाकर करपायची भीती नाही. एवढं करूनही ती तुटलीच, तर लगेच घरी फोन लावा. जर्मनीत रात्रीचे नऊ म्हणजे थंडीत इथं गावाकडं दीड. परवाही वाजला. "आई, भाकर तुटू लालीय, काय करू?"

काय करू म्हंजे? अरे, वीस वर्षं परात तुझ्यापासून तीन हातांवर होती! फुगलेली पहिली भाकर तुझ्या ताटात, शेवटची करपलेली तिच्या. एकदा तरी विचारलंस, पाणी किती घातलं म्हणून? बहिणीला बरं येतं. तिला कुणी स्टेटस ठेवायला मोकळं सोडलं नव्हतं.

घे लिहून. ताजं पीठ एक वाटी, उकळतं पाणी पाऊण वाटीच्या पुढं, लागेल तसं. हात पोळणार नाही इतपत निवलं, की तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं रगड. कडा चिरल्या तर अजून मळ. लोखंडी तवा. पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरव आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलथ, नाहीतर तडकते. जाळ नाही ना, मग फडक्यानं कडा दाब, फुगते. पहिल्या दहा तुटतील, त्या काल्यात कुस्कर.

आणि दीड वाजता फोन करू नकोस. ती पाचला उठते.