पौलाच्या हातातलं दाभण

संडे स्कूलमध्ये येशूचा प्रेषित पौल शिकवायचा म्हटलं की बायबलच्या शेवटचा नकाशा उघडतो. त्याच्या प्रचाराची पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी, रंगीत रेषा. लुस्त्रात दगडमार, फिलिप्पैत तुरुंग, शेवटी जहाज फुटलं. पोरांना जहाज आवडतंच. पण हा माणूस ग्रीसमधल्या करिंथात दीड वर्ष राहिला तेव्हा त्याच्या जेवणाखाण्याचं काय, हे कुणी विचारत नाही. मला तर तीच गोष्ट मोठी वाटते.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात ते सरळ लिहिलंय. क्लौद्य कैसरानं यहुद्यांना रोममधून हाकललं, त्यात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं करिंथला आलं. धंदा तंबू शिवण्याचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याच शेजारी कामाला बसला. पुढे त्याला ज्या गल्लियो नावाच्या रोमी सुभेदारापुढे उभं केलं, त्याचं नाव डेल्फीच्या शिलालेखात सापडलंय, त्यामुळे हा काळ इ.स. ५१च्या आसपासचा हेही बऱ्यापैकी पक्कं आहे.

तंबू चामड्याचे होते की शेळीच्या केसांच्या जाड कापडाचे, यावर अभ्यासक भांडतात. काही का असेना, दाभणानं भोकं पाडून दोरा ओढायचा, बोटांना घट्टे पडायचेच. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो, तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो. गंमत अशी की करिंथकरांना यात कमीपणा वाटला! त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या लेखी हातानं काम करणारा हलका. त्यांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाला विचारावं लागलं, तुम्हाला फुकट सुवार्ता सांगितली हा माझा गुन्हा झाला का?

आपण तरी कुठे वेगळे आहोत? कन्व्हेन्शनच्या, म्हणजे मोठ्या उपदेशसभेच्या, बॅनरवर वक्त्याचा फोटो जेवढा मोठा, तेवढा त्याचा अभिषेक मोठा असं मानणारे आपणच. माझ्या ओळखीत वायरिंगची कामं करणारा एक विश्वासू भाऊ आहे. प्लास्टर झाल्यावर भिंतीत कुठली वायर गेली हे मालकाला कधी कळत नाही, तरी हा ठरल्या दर्जाचीच टाकतो, आणि महिन्यानंतर बोर्ड गरम होतोय म्हटलं तर पैसे न घेता बघून येतो. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला की दोन वाक्यांत अडखळतो. त्याला कुठल्या सभेचं बोलावणं येणार?

पाळकांना पगार नको असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. उपदेशकाचा पोटापाण्याचा हक्क पौलानंच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९व्या अध्यायात ठणकावून मांडलाय आणि फिलिप्पैकरांची मदत त्यानं घेतलीही. तुटपुंज्या पगारावर चार-चार गावं सांभाळणाऱ्या पाळकाला आणखी कमी द्यायचं आणि वर पौलाचं उदाहरण सांगायचं, हा निव्वळ चावटपणा आहे.

कामाला लाजू नये याचं उदाहरण आपल्याकडेही आहे की. पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल केडगावला मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं, आणि छपाईचे खिळे जुळवण्यापासूनचं काम तिथल्या बायकांनी केलं.

पण खरा चटका पैशाच्या हिशोबात बसतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलानं वर्गणी काढली. त्यानं ती थैलीत घालून एकट्यानं नेली नाही. करिंथकरांना सांगितलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढा, आणि पोहोचवायला माणसं तुम्हीच पसंत करा. दुसऱ्या पत्रात तर आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो आणि कारणही देतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट ठेवायला नको, प्रभूसमोर आणि माणसांसमोरही सगळं चोख हवं. पौलाला, म्हणजे प्रत्यक्ष प्रेषिताला, साक्षीदार बरोबर घेण्यात अपमान वाटला नाही. आपल्याकडे चर्चच्या वार्षिक सभेत कुणी व्हाउचर मागितलं की लगेच, “का हो, देवाच्या कामात संशय?” आणि विचारणारा पुढच्या पंचकमिटीतून गायब.

कन्व्हेन्शनची पावतीपुस्तकं छापून आली आहेत. माझ्या घरची पावती मी फाडणारच आहे. पण मांडव, साउंड, जेवण, वक्त्याचं पाकीट, सगळा खर्च त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर लागायला हवा. पंचकमिटीतले चारपाच जण इथे माझ्या यादीत आहेत. लावणार का, ते खाली लिहा. नुसता हात जोडलेला इमोजी नको.