नाव आणि कब्जा
आजचीच गोष्ट, अजून डोकं तापलेलंच आहे. कर्जाच्या कागदांसाठी पगारपावत्यांची पीडीएफ अमळनेरातल्या एका झेरॉक्सवाल्या पोराला व्हॉट्सॲप केली, प्रिंटा घेतल्या, पैसे दिले. निघताना म्हटलं, आपली फाईल याच्या मशीनवरून उडवूनच जावं. कारण त्या डाऊनलोड्समध्ये अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं, खळ्यात कापूस ओतावा तशी ओतलेली.

डिलीट दाबलं. मशीन म्हणालं, फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. बंद करा, मग या. दुसऱ्या म्हणजे कुठल्या? ते सांगेल तर शपथ!

पीडीएफचा प्रोग्राम तर कधीच बंद केला होता. पोरगा म्हणाला, "रिफ्रेश मारा सर." मारलं. "अजून मारा." रिफ्रेशने आजवर कुणाचं काय भलं झालंय, हे मला एकदा कोणीतरी सांगावं.

माझ्या मागे एक आबा उभे होते. हातात सातबाऱ्याचा उतारा, खांद्यावर उपरणं, आणि मान थेट माझ्या खांद्यावर.

"काय व्हयनं भाऊ?"

"फाईल निघत नाही आबा. कोणीतरी धरून बसलंय तिला."

"मंग बरोबर शे. घरमा माणूस बठेल शे, तू घर कसं पाडशी?"

विंडोजचं धोरण इतक्या थोडक्यात मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. पण या दुकानात आबांचं खरं ठरणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला, ही माझी चूक.

"मामा, विंडोजऐवजी लिनक्स असतं ना, तर लगेच उडाली असती," तो म्हणाला. "तिथे डिलीट म्हणजे फक्त नाव खोडायचं. शेवटचा प्रोग्राम सोडत नाही तोवर मजकूर डिस्कवर तसाच. आम्ही लॉग, म्हणजे नोंदींच्या फाईली, उडवतो तरी जागा मोकळी होत नाही. मग एलएसओएफ नावाची कमांड चालवून बघायचं, कोण धरून बसलंय ते."

आबा एकदम पुढे सरकले. "आरे, हाई तं मन्हा भाऊनं प्रकरण शे! सातबारावरथून त्यानं नाव कमी व्हयनं, तीन वरीस व्हयी ग्यात. पन वावर कोन नांगरस? तोच! सांग मंग, नाव मोठं का कब्जा मोठा?"

भाचा गप्प. पोरगा गप्प. रांगेतल्या चौघांनी मात्र यावर मतं द्यायला सुरुवात केली. त्यात एकाचा बांध, एकाची विहीर आणि एकाची मेहुणी निघाली. वीस मिनिटं गेली. बाहेर ४४ अंश, आत एकच पंखा, तोही पोराकडे वळवलेला. लाईट गेली असती तर फाईल आपोआप सुटली असती. पण रोज दुपारी बिनचूक जाणारी लाईट आज जाईना. गेली असती तरी इन्व्हर्टर होताच म्हणा.

शेवटी भाच्याने रिसोर्स मॉनिटर उघडायला लावला, म्हणजे कुठला प्रोग्राम काय धरून बसलाय ते दाखवणारं विंडोजचंच एक साधन. सीपीयूच्या टॅबमध्ये, असोसिएटेड हँडल्सच्या चौकटीत फाईलचं नाव टाकलं. प्रिव्हहोस्ट नावाचं काहीतरी निघालं. हा कोण आता? पोरगा म्हणाला, व्हायरस असेल.

आबांनी काळंभोर बोट स्क्रीनच्या उजव्या बाजूला टेकवलं. "हाई काय मंग? हाई तं उघडीच शे ना!"

प्रिव्ह्यू पेन. फाईलवर नुसतं क्लिक केलं, की उजवीकडे तिचं दर्शन घडवणारी खिडकी. प्रिव्हहोस्ट म्हणजे हिचाच प्रोग्राम; फाईल धरून बसलेला तोच. मी आणि पोरगा अर्धा तास डावीकडे बघत होतो. उजवीकडे माझी एप्रिलची पगारपावती, कपातीसकट, सगळ्या रांगेला दर्शन देत होती.

आबांनी ती तब्येतीत वाचली होती. माझ्याकडे वळून, खरोखर कळवळून म्हणाले, "इतला शिकना, आन पगार इतलाच?"

ऑल्ट आणि पी दाबलं, खिडकी मिटली, फाईल उडाली. रिसायकल बिनही रिकामा केला. पोराने विचारलं, "अजून काही प्रिंटा?" नाही बाबा.

बाहेर आलो तर आबा चहाच्या टपरीवर, भोवती तेच चौघं. आकडा सांगत होते. अगदी बरोबर, वरच्या तीनशे चाळीस रुपयांसकट.