अडॅप्टरने नाही, त्या मेसेजमुळे लॅपटॉप जळेल

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मावशी, अडॅप्टर काढून टाकलाय, आता मोबाईल चार्जरची वायर कापून ५ व्होल्टच्या पिनला डायरेक्ट लावतोय, चालेल ना?" पॉलिटेक्निकचा प्रोजेक्ट, आर्डुइनो उनोवर, म्हणजे प्रोग्राम टाकून सेन्सर वगैरे चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डावर; दोन दिवसांवर सबमिशन, आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरत आलेला एक मेसेज. "आर्डुइनो वापरणाऱ्यांनो सावधान" असा सुरू होणारा, शेवटी जोडलेले हात. मी तो मागवून घेतला, वाचला आणि डोकंच फिरलं.

मेसेज काय म्हणतो? उनोला यूएसबी आणि अडॅप्टर एकत्र लावले तर लॅपटॉप जळतो. त्यापेक्षा बाहेरून ५ व्होल्ट थेट ५व्ही पिनला द्या, ते सगळ्यात सेफ. दोन सप्लाय जोडले की करंटची बेरीज होते. आणि भीती वाटलीच तर मधे एक डायोड टाका, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट. पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांच्या उरावर बसलेत हे लिहिणाऱ्याला दिसलंच नाही.

लॅपटॉप जळतो म्हणे. अरे बाबांनो, उनो ओपन हार्डवेअर आहे, त्याच्या आर३ आवृत्तीचं सर्किट एका पानात मावतं आणि फुकट डाउनलोड होतं, एकदा उघडून तर बघा. अडॅप्टरचं व्होल्टेज जॅकमागच्या डायोडमधून व्हीआयएनला, म्हणजे बोर्डाच्या इनपुट पिनला येतं, तिथे १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ते निम्मं करतात आणि एलएमव्ही३५८ नावाचा ऑपअँप (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) ते निम्मं ३.३ व्होल्टशी ताडून बघतो. म्हणजे व्हीआयएन ६.६ च्या वर गेलं की ऑपअँप एफडीएन३४०पी हा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद करतो आणि यूएसबीचा ५ व्होल्ट बोर्डापासून तुटतो. डेटा चालू राहतो, पॉवर अडॅप्टरची. ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा आणि निवांत झोपा.

आता तो "सगळ्यात सेफ" उपाय, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ५व्ही पिनला बाहेरून सप्लाय दिला तर व्हीआयएनला धड काही पोचतच नाही, ६.६ तर लांबच. ऑपअँपला वाटतं अडॅप्टर नाहीये, तो मॉस्फेट चालूच ठेवतो, आणि चालू मॉस्फेटमधून करंट दोन्हीकडे जातो. म्हणजे तुमचा चार्जर आणि लॅपटॉपचा पोर्ट थेट एकमेकांना जोडलेले, मधे फक्त ५०० मिलीअँपचा पॉलिफ्यूज, म्हणजे आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज. चार्जर ५.२ देत असेल आणि पोर्ट ४.९, तर करंट लॅपटॉपकडे ढकलला जाणार. ज्याची भीती घातली तेच करायला सांगितलंय!

भाच्याला पटेना. म्हटलं ये घरी, बोर्ड घेऊन ये. चार्जर ५व्ही पिनला लावला, यूएसबी केबल बोर्डात खोचली, दुसरं टोक टेबलावर मोकळं. त्या मोकळ्या टोकाच्या कडेच्या दोन पट्ट्यांना मल्टीमीटर टेकवला. ५.०२ व्होल्ट. लॅपटॉप नाही, काही नाही, आणि केबलच्या तोंडाशी ५ व्होल्ट उभे. पोरगं दोन मिनिटं गप्प.

करंटची बेरीज: होत नाही. उनो दोघांतला एकच निवडतो, आणि नुसतेच दोन सप्लाय वायरने बांधले तर ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त तोच बहुतेक सगळा लोड ओढतो, दुसरा बघत बसतो. पुढे.

डायोडचं मात्र, नाइलाजाने का होईना, थोडं खरं आहे. नॅनोत, म्हणजे उनोच्या छोट्या भावंडात, हा ऑपअँपचा खटाटोप नाहीच, यूएसबी एका शॉटकी डायोडमधून (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) ५ व्होल्टला येतं, आणि रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या छोट्या बोर्डावरही यूएसबीपासून व्हीएसवायएस या सप्लायच्या पिनपर्यंत शॉटकीच आहे, दुसरा सप्लाय जोडायचा तर त्यालाही तसाच डायोड लावायला त्यांची डेटाशीट सांगते. पण मेसेजमधे लिहिलंय १एन४००७, म्हणजे साधा डायोड! पुण्याच्या तपकीर गल्लीत मूठभर मिळतो म्हणून? तो ०.७ च्या आसपास खातो, ५ चे ४.३ उरतात. बोर्ड चालतो, म्हणून कळतही नाही. पण अ‍ॅनालॉग रीडिंग डीफॉल्टने त्याच सप्लायशी ताडली जातात. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर पंचवीस डिग्रीला ०.२५ व्होल्ट देतो, कोडमधे ५ गृहीत धरलेलं, स्क्रीनवर २९ येणार. मग सेन्सर खराब म्हणून नवीन आणायला पळा.

भाच्याने ९ व्होल्टचा अडॅप्टर परत लावला, प्रोजेक्ट चालू आहे. मल्टीमीटरचा फोटो त्याने ग्रुपवर टाकला. खाली तीन अंगठे, आणि एकाचं उत्तर: "पण आमच्या सरांनीच फॉरवर्ड केलाय तो."