चोरांची वकिली कोण करतंय? ‘स्पष्टवक्ता, धरमपेठ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री साडेअकराला आली. मी ती सकाळी वाचली आणि समोरचा चहा तसाच राहिला. लगेच लिहायला बसले असते तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कॉपीराइटच्या नावाखाली इंटरनेटवरचा मजकूर न्यायाधीशासमोर न जाता नुसत्या तक्रारीवर उतरवला जातो, आणि त्यात चोर सुटतो, बोलणारा मात्र अडकतो. त्यावर तुमचं म्हणणं असं: मद्रास उच्च न्यायालयाच्या प्रकरणाचं साल मी चुकवलं. तुमच्या धाकट्या भावाने स्पर्धा परीक्षेसाठी लिहिलेल्या पुस्तकाची पीडीएफ पंधरा दिवसांत टेलिग्रामवर फिरली आणि दुसरी आवृत्ती निघालीच नाही. तक्रार आल्यावर मजकूर उतरवायची छत्तीस तासांची जी मुदत मला जाचक वाटते, ती लेखकाच्या दृष्टीने फार लांब आहे. आणि शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘ताई, जिने आयुष्यात एक ओळ विकून पोट भरलं नाही तिला चोरीसुद्धा अभिव्यक्ती स्वातंत्र्यच वाटणार.’

सालाचं आधी. तुमचं बरोबर, माझं चूक. २०१३ नव्हे, २०१२. त्या वर्षी तमिळ चित्रपटाच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने ‘अशोक कुमार’ आदेश दिला (अज्ञात प्रतिवादीला आपल्या न्यायालयांत हे नाव देतात), आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी मे महिन्यात विमिओसारखी आख्खी संकेतस्थळं बंद करून टाकली. पुढे जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की अख्खं संकेतस्थळ नाही, चोरीचा नेमका पत्ता तेवढा बंद करा. लेखात साल दुरुस्त केलं आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ते वाक्य.

पहिलं म्हणजे ‘ताई’. आमच्या नागपूरच्या महाल भागात भाजीवालीलाही ताई म्हणतात आणि त्यात मान असतो. तुमच्या वाक्यातला ‘ताई’ हा गप्प बसा म्हणण्याआधी खांद्यावर ठेवलेला हात आहे. माझ्या जागी कोणी वकील किंवा प्राध्यापक पुरुष असता तर तुम्ही त्याला ‘दादा, तुम्ही कधी कमावलं का’ असं विचारलं असतं? मुद्दा खोडायचा होता तर खोडायचा होता. माझ्या पोटापर्यंत यायचं काय कारण?

पण आलाच आहात तर ऐका. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत माझ्या वडिलांचा छापखाना होता. एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईचं यंत्र), दोन अक्षरं जुळवणारे कंपोझिटर, खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे, खण लावलेली भिंत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि एक आठ पानी साप्ताहिक. शाळेतून आले की छापून झालेले फॉर्म सोडून एकेक खिळा परत त्याच्या खणात टाकायचं काम माझं. ‘ध’ आणि ‘घ’चे खण शेजारी होते. चुकीच्या खणात गेला की दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पत्रिकेत ‘धनश्याम’ छापला जायचा आणि बाबा मला बोलवून दाखवायचे. त्या घरातला किराणा ओळींवरच आला, भाऊ. दुसऱ्याच्या ओळी होत्या, पण पोट त्यांच्यावरच भरलं.

१९७५ साली मी अकरा वर्षांची होते. आणीबाणी लागली आणि साप्ताहिकाची प्रुफं सरकारी कचेरीत दाखवून आणावी लागायची. बाबा ओली प्रुफं सायकलच्या हँडलला अडकवून न्यायचे, कधी कधी मला पुढे नळीवर बसवून. तिथे एक अधिकारी निळ्या पेन्सिलने ओळी कापायचा. एकदा भाजीच्या भावांची बातमी आख्खी कापली. बाबांनी विचारलं, ‘याच्यात काय वाईट हाय साहेब?’ तो काही बोलला नाही, पण खाली सही केली, गोल शिक्का मारला. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. कुणी कापलं, कोणत्या तारखेला कापलं, सगळं त्यावर दिसतं. या कागदाकडे पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं सांगितलं.

पुढे मी इथल्याच एका दैनिकात बावीस वर्षं प्रुफं वाचली. सुरुवातीला गॅलीमागे, म्हणजे प्रुफाच्या एकेका लांब पट्टीमागे, पैसे मिळायचे. २००४ मध्ये विदर्भातल्या भुलाबाईच्या गाण्यांचा संग्रह स्वतःच्या पैशाने काढला. हजार प्रती, किंमत १२० रुपये. त्या संपायला नऊ वर्षं लागली. आणि मधल्या काळात सीताबर्डीच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला माझंच पुस्तक झेरॉक्स करून स्पायरल घातलेलं सापडलं. पान सत्तेचाळीसवर झेरॉक्सची काळी पट्टी आली होती आणि दोन ओळी त्यात गेल्या होत्या. दुकानदाराने चाळीस रुपये सांगितले. मी ते विकत घेतलं. घरी येऊन रडले. त्यामुळे भावाचं पुस्तक फुकट फिरतं तेव्हा घरात काय होतं, हे तुम्ही मला शिकवू नये.

हे सगळं सोसूनही मी मागचा लेख लिहिला. का लिहिला, ते तुम्ही वाचलंच नाही.

त्या संग्रहानंतर मी गाणाऱ्या बायकांचं चित्रण करायला लागले. काटोल, उमरेड, भिवापूर, रामटेक. त्रेसष्ट चित्रफिती एका मोठ्या व्हिडिओ मंचावर चढवल्या. त्यातली एक माझ्या आईची. वय एक्क्याऐंशी, खाटेवर बसलेली, हातात टिपऱ्या, गुडघ्यावर ताल. मध्ये कुकरची शिट्टी होते तेव्हा ती थांबते, ‘बंद कर गं’ म्हणते आणि मागच्याच ओळीपासून पुन्हा सुरू करते. ते गाणं तिला तिच्या आजीने शिकवलं होतं. ते कोणी रचलं, कोणालाच ठाऊक नाही.

आई गेल्यावर चार महिन्यांनी इमेल आला: तुमच्या चित्रफितीत कॉपीराइट असलेलं संगीत आढळलं आहे. त्याच पारंपरिक गाण्याची ध्वनिफीत एका कंपनीने काढली होती आणि यंत्राने चाल जुळवली. मी आक्षेप घेतला. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम. म्हणजे जो तक्रार करतो तोच निकाल देतो. पुढे अपील करता येतं, पण अपील करून हरलं तर तंबी, आणि नव्वद दिवसांत तीन तंब्या झाल्या की आख्खं खातं बंद. माझ्याकडे असल्या आणखी चार नोटिसा पडल्या होत्या. एका गाण्यासाठी भांडायला जावं आणि बासष्ट बायकांचा आवाज जावा, ही जोखीम मी घेऊ शकले नाही. आईची चित्रफीत मी माझ्याच हाताने काढली.

त्या इमेलखाली कोणाची सही नव्हती. बाबांच्या कागदावर निदान एक नाव होतं, जाब विचारायला एक कचेरी होती.

आता सांगा, यात मी कोणत्या चोराची वकिली केली? लोकगीत कोणा एकाच्या मालकीचं नसतं. कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणावर, वाद्यमेळावर असेल. माझ्या आईच्या गळ्यावर तो कसा असेल? हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती, पण ऐकणारा कोणी पाहिजे न.

आणि हे फक्त माझ्या घरचं रडगाणं नाही. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं, ते सगळ्यांना आठवतं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार शब्दांसाठी २०१२ मध्ये अटक झाली होती, ते हेच कलम. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी संकेतस्थळाच्या कंपनीला कधी जबाबदार धरायचं नाही, हे सांगणाऱ्या कलम ७९ चा अर्थ लावताना न्यायालयाने सांगितलं की कोणीही उठून तक्रार केली म्हणून कंपनीवर मजकूर काढण्याची सक्ती नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना पाहिजे. मोठं संरक्षण होतं हे. पण २०१६ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटलं की कॉपीराइटला हा नियम लागू नाही. तिथे हक्कदाराची नेमकी तक्रार पुरते.

म्हणजे बघा. कोणी माझ्या लेखाला बदनामी म्हणालं तर त्याला न्यायालयात जावं लागेल. तोच माणूस ‘यातला फोटो माझा आहे’ म्हणाला तर त्याचं काम एका पत्रात होतं. कोणाचं तोंड बंद करायचं असेल तर तो कोणता रस्ता धरेल? मे २०२५ मध्ये एका यूट्यूबरने जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या बातमीच्या तुकड्यांसाठी त्याच्यावर स्ट्राइक, म्हणजे मी वर सांगितल्या तशा तंब्या, आले आणि ते मागे घ्यायला परवान्यापोटी लाखो रुपये मागितले गेले. समोरच्यांनी तो आपला कायदेशीर हक्क असल्याचं सांगितलं. खरं-खोटं न्यायालय बघेल. पण न्यायालय बघेपर्यंत चित्रफिती कोणाच्या खाली आल्या?

आपल्या कायद्यात समीक्षेसाठी, बातमीसाठी, संशोधनासाठी थोडा भाग वापरायची मुभा आहे, कलम ५२ मध्ये. यंत्राला ते कळत नाही आणि तक्रारदाराला ते कळून घ्यायचं नसतं. जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी चित्रपटवाल्यांना नेमके, तपासलेले पत्ते आणल्याशिवाय आख्खी संकेतस्थळं बंद करायला नकार दिला होता. मला एवढंच हवं आहे. कोणीतरी तपासावं.

हेच सरकारच्या बाबतीतही आहे. आपल्याबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारचाच विभाग ठरवेल, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांची मतं फाटली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी तो घटनाबाह्य ठरवला. वर्षानुवर्षं आपल्या नागपुरात वकिली केलेला माणूस. मला त्याचा अभिमान वाटला. स्वतःच्या तक्रारीचा निकाल स्वतः द्यायचा नाही, एवढी साधी गोष्ट सरकारला लागू असेल तर ध्वनिफीत कंपनीला का नको?

छत्तीस तासांबद्दल तुमच्याशी वाद घालत नाही. कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमात ती मुदत आहे, नंतर एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणायचा, नाही तर मजकूर परत दाखवता येतो. माझा आक्षेप तासांवर नव्हताच. ज्याचा मजकूर उतरवला त्याचं ऐकण्याची सोय त्या नियमात नाही, यावर होता. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात निदान उलट नोटीस देता येते. लेखात हे लिहिलं होतं, पुन्हा वाचा.

टेलिग्रामचं म्हणाल तर रस्ता आहे. स्पर्धा परीक्षा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने हीच तक्रार घेऊन दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला पीडीएफ वाटणाऱ्यांची नावं, क्रमांक द्यायला लावले. न्यायाधीशासमोर, पुरावा देऊन. तुमच्या भावाने तसं करावं, माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्याबद्दल माझ्यावर चिडून काय उपयोग?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. तिघांनी फोन करून काढ म्हटलं. पुढच्या वेळी मात्र माझ्या मुद्द्यावर लिहा, माझ्या कमाईवर लिहिलंत तर उत्तर देणार नाही.

आणि भावाच्या पुस्तकाचं नाव कळवा. दुसरी आवृत्ती काढायचा विचार असेल तर प्रुफं मी वाचून देईन. पानाचा दर नंतर बोलू.