पट्टी हलते, उजेड हलत नाही

लॅपटॉप विंडोज ७च्या जमान्यातला. दोन कोअर, चार जीबी रॅम, बॅटरी नावापुरती. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं की वायफाय लागतं, आवाज येतो, कॅमेऱ्यात आपलं तोंडसुद्धा दिसतं. फक्त ब्राइटनेसचं बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत ऐटीत सरकते, आणि उजेड जिथल्या तिथे.

याच्या मुळाशी एक राजरोस खोटेपणा आहे. सुरू होताना बायॉस (मशीनच्या बोर्डातच बसवलेला मूळ प्रोग्राम) विचारतं, "विंडोज २००९ आहेस का?" (बायॉसच्या दप्तरी विंडोज ७चं नाव हेच.) लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बेधडक सांगतो, "हो." काही बायॉस "लिनक्स आहेस का?" असंही विचारतात. त्याला २.६.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००७पासून, उत्तर "नाही". हे मुद्दाम केलेलं आहे. लिनक्ससाठी लिहिलेली बायॉसची वाट कोणी धड तपासलेली नसते, विंडोजची निदान विकण्यापुरती तरी तपासलेली असते. आता बायॉसने "विंडोज २०१२ आहेस का?" असं विचारलं, तर कर्नल समजतो की मशीन विंडोज ८च्या काळातलं आहे, आणि उजेडाचा कारभार थेट ग्राफिक्स ड्रायव्हरकडे देतो. आपल्या म्हाताऱ्या बायॉसला २०१२ हा शब्दच माहीत नाही. मग कारभार बायॉसच्या एसीपीआय पद्धतीकडे (हार्डवेअर चालवायला बायॉसने सिस्टीमला दिलेल्या सूचनांकडे) जातो, आणि ती पद्धत मान डोलावते, काम करत नाही.

निदान सोपं आहे. /सिस/क्लास/बॅकलाइट या फोल्डरात "एसीपीआय_व्हिडिओ०" दिसत असेल तर हाच रोग. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत "ई" दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी "एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह" लिहा आणि बूट करा. आता तिथे "इंटेल_बॅकलाइट" दिसलं पाहिजे. त्यातल्या ब्राइटनेस फायलीत एखादा मधला आकडा घालून बघा. "सुडो एको" करून बाणाने (>) फायलीत ढकलू नका. सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणं. तो बाण सुडोचा नसतो, आपल्या शेलचा (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामचा) असतो, आणि शेलला परवानगी नसते. मध्ये "सुडो टी" लागतं. आणि शून्य लिहू नका, पडदा पूर्ण काळा झाला की पुढची कमांड आंधळेपणाने टाइप करावी लागते.

उजेड हलला? मग तो "एसीपीआय_बॅकलाइट"वाला पॅरामीटर ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा घाला, "अपडेट-ग्रब" चालवा आणि झोपा. ज्याला लॅपटॉप नुसता वापरायचा आहे, त्याची गोष्ट इथे संपते. पण मला आणि माझ्यासारख्यांना पॅरामीटर म्हणजे मलमपट्टी वाटते. सिस्टीम पुन्हा टाकली की गेली. खरा इलाज कर्नलमध्येच हवा, आणि तो फक्त आठ ओळींचा आहे. त्या आठ ओळींसाठी अख्खा कर्नल सोर्स कोडपासून बांधायचा, म्हणजे नळाचा वायसर बदलायला सोसायटीचं रिडेव्हलपमेंट काढायचं.

त्या ओळी जातात कर्नलच्या सोर्स कोडमधल्या ड्रायव्हर्स/एसीपीआय/व्हिडिओ_डिटेक्ट.सी या फायलीत. तिथे बिघडलेल्या मॉडेलांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकापुढे औषध. आपलं औषध "फोर्स नेटिव्ह". मॉडेलची ओळख पटवायला "डीएमआयडीकोड"मधलं (ही कमांड बायॉसमध्ये नोंदलेली मशीनची माहिती दाखवते) कंपनीचं आणि उत्पादनाचं नाव जसंच्या तसं, लहान-मोठ्या अक्षरांसकट उतरवायचं. इथे मौज असते. थिंकपॅडमध्ये उत्पादनाच्या नावाच्या जागी एक कोड असतो आणि खरं नाव "व्हर्जन"मध्ये. काही मशीनमध्ये तर उत्पादनाचं नाव चक्क "टू बी फिल्ड बाय ओईएम" असतं, म्हणजे कारखान्यातल्या कोणीतरी फॉर्म कोराच सोडलेला. त्या नावावर नोंद केलीत तर जगभरच्या अनोळखी मशीनना तुमचं औषध लागू होईल. नाव जुळवणारं साधं "डीएमआय मॅच" नावाचा तुकडा जुळला तरी खूश होतं. अक्षरशः जुळायला हवं असेल तर "एक्झॅक्ट"वालं वापरावं.

नव्या कर्नलमध्ये तुमच्या मॉडेलची नोंद आधीच असेल तर तोच पॅच (कोडमधल्या बदलांची फाईल) उतरवून घ्या, मात्र फाईल म्हणून. ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट केलं की टॅबचे स्पेस होतात आणि "हंक फेल्ड" (हा तुकडा बसला नाही) येतं. "पॅच हायफन पी१"ला आधी "ड्राय-रन" (खरा बदल न करता नुसती चाचणी) लावून बघावं. ओळी थोड्या पुढेमागे सरकलेल्या असल्या तर ते स्वतः सांभाळून घेतं.

आता बांधकाम. वीस जीबी जागा मोकळी करा. चालू कर्नलची कॉन्फिग बूटमधून "डॉट कॉन्फिग" म्हणून कॉपी करा आणि "मेक ओल्डडेफकॉन्फिग" चालवा. नुसतं "ओल्डकॉन्फिग" चालवलंत तर प्रत्येक नव्या पर्यायावर तुमचं मत विचारलं जाईल, ज्यांची नावंही ऐकलेली नाहीत अशा चिपांबद्दलसुद्धा. मग "लोकलमॉडकॉन्फिग": हे फक्त या घडीला लोड झालेले मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) ठेवतं, त्यामुळे रात्रभराचं काम बरंच आटोपशीर होतं. पण त्या घडीला पेनड्राइव्ह लावलेला नसेल, फोनवरून नेट घेतलेलं नसेल, तर नव्या कर्नलला या दोन्ही गोष्टी कळणारच नाहीत. म्हणून आधी घरात असेल नसेल ते सगळं एकदा लॅपटॉपला जोडून घ्यावं, प्रिंटरसकट.

डीबग इन्फो (चुका शोधायची जास्तीची माहिती) बंद करा, नाहीतर सगळे तुकडे जोडण्याच्या शेवटच्या लिंकिंगला चार जीबी रॅमचा जीव जातो. कॉन्फिगमधली "सिस्टीम ट्रस्टेड कीज" ही ओळ रिकामी करा, कारण ती डेबियनच्या एका सर्टिफिकेटकडे बोट दाखवते आणि ते आपल्याकडे नसतं. "लोकलव्हर्जन"मध्ये काहीतरी ओळखीचं शेपूट लावा, "हायफन उजेड" चालेल. पॅकेजं हवीत: फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल आणि लिबएल्फची डेव्ह. आणि मग बांधायची कमांड: "मेक हायफन जे२ बाइंडडेब-पीकेजी". त्या "जे"पुढचा आकडा विसरलात तर मेक जमेल तितकी कामं एकदम काढतं आणि माऊससुद्धा जागचा हलत नाही.

पंख्यात इतक्या वर्षांची धूळ असेल तर ती आधी काढा. तासन्‌तास दोन्ही कोअर शंभर टक्के चालले की मशीन तापून स्वतःहून बंद पडतं. मध्येच लाइट गेली तरी मेक पुन्हा तिथूनच सुरू होतं, फक्त अर्धवट राहिलेल्या, शून्य बाइटच्या "डॉट ओ" फायली शोधून पुसाव्या लागतात.

डेब फायली (डेबियनची पॅकेजं) एक फोल्डर वर तयार होतात. इमेजवाली टाका, आणि जुना कर्नल अजिबात काढू नका. इतक्या जुन्या मशीनला सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल चालू देणारी सोय) नसतो, त्यामुळे सही-शिक्क्याची कटकट नाही. वयाचा एवढा एक फायदा.

सगळं चाललं तर त्या आठ ओळी मेंटेनरांकडे (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्यांकडे) पाठवा. मुख्य कर्नलमध्ये आणि तिथून स्टेबलमध्ये (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांमध्ये) गेल्या की पुढे अपडेटबरोबरच येतील आणि "उजेड"वाला कर्नल काढून टाकता येईल. पॅचची मांडणी तपासणारं "चेकपॅच" चालवा, "साइन्ड-ऑफ-बाय"मध्ये स्वतःचं नाव लिहा, आणि पाठवायला "गिट सेंड-ईमेल"च वापरा. वेबमेलमध्ये चिकटवलेल्या पॅचचे टॅब स्पेस होऊन पोचतात, आणि मग "हंक फेल्ड" मेंटेनरला दिसतं.