बिबटे उचलून जंगलात सोडले की काय होतं, ते जुन्नरने बघितलंय

जुन्नर, शिरूर, पारनेर, संगमनेर, कुठेही बिबट्याचा हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी तोच मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, सार हेच: जंगलं तोडली, तिथे खायला उरलं नाही, म्हणून भुकेले बिबटे गावात शिरले. सगळे पकडून लांबच्या जंगलात सोडा, प्रश्न मिटेल. आणि वर हेही, की वनखातंच रात्री गाडीतून बिबटे आणून सोडतंय. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याने काय बोलावं हे शिकवणारे आपण कोण? पण शहरात बसून हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांशी बोलायला हरकत नाही.

'जंगलातून गावात आले.' जुन्नरचे बहुतेक बिबटे कुठून आलेले नाहीत, ते तिथलेच आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांचं पाणी आलं आणि जिरायत रानात ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष कुणी आत न शिरणारा, दाट, गार, पाण्याजवळचा फड. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? तोडणी सुरू झाली की कामगारांना पाचटात बछडे सापडतात. अशा वेळी वनखात्याची माणसं ते क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, सगळ्यांना लांब करतात, आणि बहुतेकदा अंधार पडल्यावर आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. उसात जन्मलेल्या या पिढीला दाट जंगल म्हणजे परमुलूखच.

'खायला नाही म्हणून माणसावर येतात.' वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात अभ्यास केला. तिथे मोठं रानटी भक्ष्य जवळजवळ नाही, वस्ती दाट, तरी 100 चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून निघालं की वजनाच्या हिशोबाने 87 टक्के खाणं पाळीव जनावरांचं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपास, कारण शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रं उकिरड्यावर मोकळं. कोंबडीचे उरलेले अवशेष ओढ्यात फेकायचे, त्यावर कुत्री पोसायची आणि बिबट्या का फिरतो म्हणून विचारायचं, हे आपलंच कौतुक.

आता मूळ मुद्दा, 'पकडा आणि लांब सोडा'. हे करून झालंय. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात 103 बिबटे पिंजऱ्यात धरले आणि सरासरी 39.5 किलोमीटर अंतरावरच्या जंगलांत सोडले. त्याआधी, 1993 ते 2001 दरम्यान, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. जीव घेणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट. बाहेरचे जितके जास्त बिबटे जवळपास सोडले, तितके हल्ले वाढले, असं अत्रेय आणि सहकाऱ्यांच्याच आकडेवारीत दिसलं.

असं का व्हावं? प्रौढ बिबट्याला आपला इलाखा पाठ असतो: कुठल्या वस्तीवर दिवा कधी मालवतो, कुठला कुत्रा मोकळा असतो. माणूस दिसला की सटकायचं, हेही त्याला येतं. त्याला पिंजऱ्यात धरलं, धडका मारून तो जखमी झाला, गर्दीने दगड मारले, मग अनोळखी ठिकाणी सोडलं, की तो बिथरतो आणि घराकडे निघतो. इकडे रिकाम्या जागेवर एखादा तरणा नर येतोच. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या नराला रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं होतं. 'आजोबा' हे त्याचं नाव. हा पठ्ठ्या महामार्ग ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोचला, आणि वाटेत त्याने कुणा माणसाला हात लावला नाही. 2011 मध्ये तो गेला तो वाहनाच्या धडकेने. ज्याने मेसेज लिहिला त्याच्या मनातलं 'लांब' नेमकं किती लांब?

2011 मध्येच केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही असं स्थलांतर टाळायला सांगितलंय. माणूस मारणारा बिबट्या नक्की ओळखता आला तर त्याला धरावं आणि पुन्हा सोडू नये, याबद्दल वाद नाही. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र त्यासाठीच आहे. वाद आहे तो नुसता दिसला म्हणून पिंजरा लावण्याचा.

राहिली वनखात्याची रात्रीची गाडी. या अफवेला मूळ आहे, म्हणून ती मरत नाही: एका गावात धरलेला बिबट्या दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत सोडला जायचा, लोकांनी ते पाहिलेलं आहे. पण गंमत बघा, मेसेजच्या एका ओळीत याच गोष्टीची तक्रार आणि दुसऱ्या ओळीत तिचीच मागणी. कारण तुमच्या गावचा बिबट्या 'लांबच्या जंगलात' जातो तेव्हा त्या जंगलाच्या कडेलाही कुणाची तरी वाडी असते.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीला आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघतो. दिवसा वीज द्या, ही मागणी जुन्नर-शिरूरचे लोक वर्षानुवर्षं करताहेत. फॉरवर्ड करायचंच असेल तर ती करा.